झिरो एरर काढलास का?

मंडळी, त्या शनिवारी खरं तर बरीच कामं होती. गाडी सर्व्हिसिंगला टाकायची होती, बँकेचं केवायसी तिसऱ्यांदा करायचं होतं आणि भाजी आणायची होती (हे सगळ्यात महत्त्वाचं, असं मला घरातून कळवण्यात आलं होतं). ते सगळं सोडून मी सकाळी साडेनऊला बाबांच्या खोलीत स्टुलावर उभा राहून छताला सेलोटेपने एक यूएसबीची काडी चिकटवत होतो. खाली बाबा स्टूल धरून उभे. वय वर्षं ७४. वर कोणी चढायचं आणि स्टूल कोणी धरायचं यावर त्याआधी पाच मिनिटं वाद झाला होता.

हा उद्योग कशासाठी, ते सांगतो.

आमचा फ्लॅट पुण्यात, सोसायटीतल्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. डोक्यावर थेट गच्ची. बाबांची खोली पश्चिमेची. गेले दोन उन्हाळे बाबा म्हणत होते की रात्री झोप लागत नाही, वरून भाजल्यासारखं होतं. आणि गेले दोन उन्हाळे मी त्यांच्यासमोर मोबाईल धरत होतो. "बाबा, हे बघा, रात्री दहाला २७. सत्तावीस म्हणजे काहीच नाही. हापिसात आमचा एसी २४ वर असतो." बाबा गप्प बसायचे. मग मी आणि धाकटा भाऊ (तो बंगळूरला असतो आणि तिथून सगळ्यांना फोनवर सल्ले देतो) आपापसात ठरवून टाकायचो की वय झालं, झोप कमी होणारच. डॉक्टरांनाही आम्ही तसंच सांगितलं. डॉक्टरांनी झोपेची एक हलकी गोळी लिहून दिली.

प्रकरण गोळीपर्यंत गेलं याची मला लाज वाटते, म्हणून आज हे टंकतोय.

आता मुद्दा. घरात मोजमाप करणारी जी काही वस्तू आणाल, तिचा कच्चा आकडा तुम्हाला स्वतःला वाचता आला पाहिजे. कच्चा म्हणजे अगदी तिच्या पोटातून निघालेले बाइट्स. मधे ॲप नको, खातं नको, परदेशातल्या कुणाचा सर्व्हर नको. यात तत्त्वज्ञान काही नाही, साधी गरज आहे. आकडा चुकतोच, आणि तो कुठे चुकला हे शोधायचं तर कच्चा आकडा हाताशी लागतो. ॲप तुम्हाला शिजवलेला आकडा वाढतं. मीठ कुठे जास्त पडलं ते ताटावर बसून कळत नाही.

याआधी मी एक वायफायवाला थर्मामीटर आणला होता. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण ती सेवाच बंद झाली. दिसायला फार देखणा. ॲपमध्ये निळा-केशरी आलेख, घाम पुसणारा एक कार्टून सूर्य. दीड वर्ष नीट चालला. मग एक दिवस ॲपने नम्रपणे कळवलं की अमुक तारखेपासून सेवा थांबत आहे, आपल्या विश्वासाबद्दल आभार. वस्तू ठणठणीत, आतला सेन्सर ठणठणीत, आणि तरी माझ्याच भिंतीवर टांगलेल्या डबीकडून माझ्याच खोलीचं तापमान मला मिळेना. जुने आकडेही गेले. म्हणजे इतके दिवस मी थर्मामीटर विकत घेतलेलाच नव्हता, भाड्याने आणला होता. असो.

म्हणून यावेळी काडी. 'टेम्पर' या नावाने मिळणाऱ्या या यूएसबी काड्या लिनक्सवाल्या मंडळींमध्ये बऱ्याच वर्षांपासून ओळखीच्या आहेत. पेनड्राइव्हएवढ्या, दोन पिझ्झांच्या किमतीत येतात. वायफाय नाही, ब्लूटूथ नाही, पडदा नाही. सोबत विंडोजसाठी एक सॉफ्टवेअर असतं, ते मी टाकून बघितलंच नाही. घरी एक जुना रास्पबेरी पाय धूळ खात पडला होता, त्यात काडी खुपसली.

पहिली आज्ञा एलएस-यूएसबी. जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी येते आणि प्रत्येकीपुढे तिचा आयडी असतो, आधी कंपनीचा क्रमांक, मग वस्तूचा. माझ्या काडीचा निघाला ४१३डी:२१०७. हा आकडा कुठेतरी लिहून ठेवा, पुढे याच आकड्यावरून माझी फजिती होणार आहे.

दुसरी गंमत कर्नलच्या नोंदी पाहिल्यावर कळते. ही काडी संगणकाला आपण तापमापक आहोत असं सांगतच नाही. ती सांगते की मी एचआयडी आहे, म्हणजे कीबोर्ड-माऊसच्या जातीची. तिला दोन तोंडं आहेत. पहिल्या तोंडाने ती चक्क कीबोर्ड असते, दुसऱ्या तोंडाने तापमान सांगते. हा शहाणपणा का, तर कीबोर्ड-माऊस ओळखणं प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला आधीच येतं, वेगळा ड्रायव्हर लिहायची कटकट नाही. स्वस्तात करायचं तर असंच करावं लागतं, आणि मला तरी हा जुगाड आवडला.

लिनक्समध्ये ही दोन तोंडं एचआयडी-रॉ नावाच्या दोन फायलींसारखी दिसतात, शून्य आणि एक. म्हणजे काडीशी बोलायचं म्हणजे एका फाईलमध्ये लिहायचं आणि त्याच फाईलमधून वाचायचं. बस्स. युनिक्समध्ये सगळं काही फाईल असतं असं कॉलेजात घोकलं होतं, त्याचा असा घरगुती उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

मी अर्थातच चुकीच्या तोंडाशी बोललो. शून्य क्रमांकाच्या फाईलमध्ये प्रश्न लिहिला आणि उत्तराची वाट बघत बसलो. तो होता कीबोर्ड. तो बिचारा कोणी किल्ली दाबायची वाट बघत होता, आणि मी त्याची. चहा झाला, पेपर झाला, दोघेही आपापल्या जागी ठाम. मग एक क्रमांकाची फाईल घेतली. प्रश्न म्हणून आठ बाइट्स पाठवायचे: ०१, ८०, ३३, ०१ आणि मग चार शून्यं. त्याच्याही आधी एक शून्य बाइट लावावा लागतो, रिपोर्ट क्रमांक म्हणून. तो विसरलात तर काडी रुसते. उत्तर तत्काळ आलं. आठ बाइट्स: ८०, ८०, ०डी, ४८, ४ई, २०, ००, ००.

यातला तिसरा आणि चौथा बाइट म्हणजे तापमान. कुठल्याशा जुन्या स्क्रिप्टमध्ये सूत्र दिलं होतं: दोन्ही मिळून एक सोळा बिटांचा आकडा करा आणि २५६ ने भागा. ०डी४८ म्हणजे ३४००. भागिले २५६. उत्तर १३.२८.

मी ओरडून सांगितलं, "बाबा, आलं! तेरा पूर्णांक अठ्ठावीस!"

एप्रिल महिना, दुपारचे साडेबारा. बाबा बनियनवर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होते. ते म्हणाले, "तेरा? मग मला स्वेटर आणून दे."

तर गोची अशी. जुन्या काड्यांचा आयडी ०सी४५:७४०१, त्यांचा आकडा २५६ ने भागायचा. माझ्या नव्या काडीचा आकडा १०० ने भागायचा. प्रश्न तोच, बाइट्सच्या जागा त्याच, भागाकार निराळा. ३४०० भागिले १००, म्हणजे ३४. बाबांच्या बनियनशी हे जुळलं.

जरा विचार करा, हाच प्रयोग मी डिसेंबरातल्या एखाद्या रात्री केला असता तर? पुण्यात डिसेंबरात १३ म्हणजे अगदी ओळखीचा आकडा. बिनदिक्कत विश्वास ठेवला असता. चुकीचा आकडा वेडावाकडा असेल तर बरं, लगेच पकडला जातो. चुकून शहाण्यासारखा दिसला की संपलं. पुढचे दोन बाइट्सही असेच आहेत. ४ई२० म्हणजे २००००, शंभराने भागलं की चक्क २०० अंश. घाबरू नका, खोलीला आग लागलेली नाही. बाहेरून जोडायचा दुसरा प्रोब लावलेला नाही, हे सांगायची ती काडीची पद्धत. पण जुन्या सूत्राने हेच ७८.१२ येतं, आणि मग माणूस विचार करत बसतो की आतली चिप तापली की काय.

म्हणून मी एक नियम केला, आणि हापिसातल्या ज्युनिअर पोरांनाही तोच सांगतो. नोंद करताना तापमान लिहायचं नाही, बाइट्स लिहायचे. वेळ आणि आठ बाइट्स, एका ओळीत. अंश नंतर काढा, आलेख नंतर काढा, सूत्र दहा वेळा बदला. कच्चे बाइट्स असतील तर जुन्या नोंदी पुन्हा काढता येतात. माझ्या क्रॉनमध्ये दर पाच मिनिटांनी एक ओळ पडते. दिवसाला २८८ ओळी, वर्षाला चार-पाच एमबीसुद्धा नाही. एवढ्या जागेत हल्ली व्हॉट्सॲपवरचा गुड मॉर्निंगचा व्हिडिओही मावत नाही.

एवढं झाल्यावर मी खुशीत होतो. ३४.०० ! दोन दशांश स्थळं! बाबांना लॅपटॉप दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आकडा बघितला आणि विचारलं, "झिरो एरर काढलास का?"

बाबांनी ३१ वर्षं एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये लॅब असिस्टंट म्हणून काढली. व्हर्नियर, स्क्रू गेज, स्फेरोमीटर हे त्यांचे मित्र. आम्ही लहान असताना घरात वजनकाटा आणला, त्याचीही शून्यत्रुटी त्यांनी आधी काढली होती आणि मग आम्हाला वर उभं केलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. तरी गेले दोन उन्हाळे खोलीच्या तापमानाबद्दल मी या माणसाला मोबाईलवरचा आकडा दाखवून गप्प करत होतो. आता बोला.

"लीस्ट काउंट किती?"
"०.०१."
"आणि बरोबर किती असतं?"
"म्हणजे?"
"म्हणजे दाखवतंय शंभरावा भाग. पण खरं तापमान त्याच्या किती आसपास आहे?"

मी गप्प. स्वस्त सेन्सरमध्ये अंशाचा शंभरावा भाग दिसतो, पण एखाद-दीड अंशाचा फरक सहज असू शकतो. दशांश स्थळं ही भागाकाराची देणगी आहे, सेन्सरची नव्हे. हे मला 'माहीत' होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण स्वतःच्या स्क्रिप्टने स्वतःच्या स्क्रीनवर छापलेला आकडा समोर आला की अक्कल रजेवर जाते.

बाबांनी कपाटातून कापसात गुंडाळलेला पाऱ्याचा थर्मामीटर काढला. शून्य ते ११०, एक अंशाचे भाग. मग थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडंसं पाणी. बर्फ आणि पाणी एकत्र नीट ढवळलेलं असेल तर ते शून्यावर असतं. मी म्हटलं, उकळत्या पाण्यात शंभर पण बघू. ते हसले. "पुण्यात पाणी शंभराला उकळत नाही. साडेपाचशे मीटरच्या वर आहोत आपण, अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. आणि ती प्लास्टिकची काडी उकळणार आहेस?" नाही उकळली. झिपच्या पिशवीत काडी घातली, हवा पिळून काढली, यूएसबीच्या एक्स्टेन्शन वायरवर लांबवली आणि पिशवीचं तोंड पाण्याच्या वर राहील अशी बर्फात बुडवली. (हे घरी करणार असाल तर जपून. ओली काडी थेट यूएसबीत घालाल तर पाय जाईल. रास्पबेरी, तुमचा नव्हे :-) ) वीस मिनिटांनी पारा शून्यावर, काडी १.४ वर. मग दोघांना खोलीत शेजारी टांगलं. पारा ३४, काडी ३५.२. बाबांनी वहीत लिहिलं: अंदाजे १.३ जास्त दाखवते, वजा करणे.

तुमच्या चाणाक्ष नजरेला दिसलं असेल की सकाळी काडी ३४ दाखवत होती, म्हणजे तेव्हा खोली तेहतिसाच्या खालीच असणार. बरोबर आहे. शिवाय तेव्हा काडी थेट पायमध्ये खुपसलेली होती आणि पाय स्वतःच तापतो. लॅपटॉपमध्ये खुपसलीत तर आणखी वाईट, तिथे तुम्ही खोलीचं नाही, लॅपटॉपच्या पंख्यातून येणाऱ्या हवेचं तापमान मोजता. एक मीटरची एक्स्टेन्शन वायर घ्या. ती या प्रयोगातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू आहे.

आता मोबाईलवरच्या २७ चं काय? तोही खोटा नव्हता. फक्त तो बाबांच्या खोलीचा नव्हता. हवामानाचं तापमान कसं मोजतात बघा. मोकळ्या जागेत, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, झडपा असलेली पांढरी लाकडी पेटी असते, तिच्या आत थर्मामीटर. ऊन थेट पडू नये, वारा मात्र खेळता राहावा. या पेटीला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. ती बसवणारा थॉमस स्टीव्हन्सन हा दीपगृहं बांधणारा इंजिनिअर, आणि 'ट्रेझर आयलंड'वाल्या स्टीव्हन्सनचा बाप. पुण्यात हवामान खात्याचं शिवाजीनगरचं ऑफिस जुने लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणून ओळखतात, कारण खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं. तर अशा मोकळ्यावरच्या सावलीतल्या हवेचा, किंवा त्यावरून संगणकाने बांधलेल्या अंदाजाचा, आकडा मोबाईलवर येतो. तो शेतकऱ्याला उपयोगी, वैमानिकाला उपयोगी. दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली पश्चिमेच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाबद्दल तो काहीच सांगत नाही. मी मात्र तो आकडा बापाच्या अंगावर फेकत होतो.

आठवडाभराच्या नोंदी जमल्यावर आलेख काढला. दुपारी खोली सगळ्यात गरम असेल अशी माझी खात्री होती. निघालं भलतंच. सगळ्यात गरम वेळ रात्री आठ-चाळीस, ३५.८. (हे १.३ वजा करून.) बारा वाजता ३४.६. पहाटे चारला ३२.९. बाहेर पहाटे गारवा आलेला असायचा, खोलीत तो पोचायचाच नाही. कारण साधं आहे. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता खाली यायला काही तास लागतात. दुपारचं ऊन बाबांच्या खाटेवर संध्याकाळी पोचत होतं आणि रात्रभर मुक्काम करत होतं. मी संध्याकाळी सातला एसी हापिसातून घरी यायचो, नऊला हॉलमध्ये पंख्याखाली जेवायचो. मला कुठून कळणार?

एवढ्यावर मी म्हटलं, केस क्लोज. बाबा म्हणाले, "३४ ने असं भाजत नाही. वरून भाजतं." बघा, दोन उन्हाळे ते हाच शब्द वापरत होते आणि मी त्याला बोलायची पद्धत समजत होतो. ते शब्दशः सांगत होते. काडी मोजते हवेचं तापमान. पण माणसाला जे उकडतं त्यात भिंती आणि छत यांचं तापमानही येतं, आणि वारा नसेल तर ढोबळमानाने दोन्हींचा वाटा सारखाच असतो. तापलेलं छत खाली उष्णता फेकत असतं, शेगडीसमोर बसल्यावर चेहऱ्याला लागते तशी. हवेत टांगलेल्या काडीला त्याचा फारसा पत्ता लागत नाही. पंख्याचंही उलट बाजूने तसंच. पंखा लावला, बंद केला, काडीचा आकडा हलत नाही, कारण काडीला घाम येत नाही.

म्हणून ते स्टूल, तो सेलोटेप आणि तो शनिवार. त्या रात्री नऊला छताचा आकडा आला ३८.६.

बाबा काही बोलले नाहीत. वहीत लिहिलं आणि पाणी प्यायला गेले. आईच म्हणाली, "तेव्हा सांगत होते तर ऐकलं नाहीस. आता काडी बोलली की खरं!" यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

एसीला बाबांनी ठाम नकार दिला (बिल, आवाज, गुडघे). मग राहिली गच्ची. गच्ची सोसायटीची, म्हणजे मीटिंग. रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून मी आलेख दाखवला. छपरं पांढरी करणं ही काही माझ्या डोक्यातली नवी कल्पना नव्हे. अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये शहरासाठी उष्णतेचा कृती आराखडा केला, आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचं कामही हाती घेतलं. आपल्याकडेही गच्चीला चुना मारणं जुनंच आहे. पण आमचे खजिनदार काका हिशेबात पक्के. ते म्हणाले, "हे कंप्यूटरचे आकडे आहेत. बरोबर कशावरून?"

प्रश्न अगदी योग्य होता. त्या देखण्या वायफाय डबीचा आलेख घेऊन गेलो असतो तर मला एवढंच म्हणता आलं असतं की ॲपमध्ये असं दिसतं. इथे बाबा उठले आणि वही काकांच्या हातात दिली. एकीकडे काडीचा आकडा, एकीकडे पाऱ्याचा, दिवसातून चार वेळा, नऊ दिवस, स्वतःच्या अक्षरात. काकांनी चष्मा बदलून दोन पानं बघितली, तीन-चार वजाबाक्या मनात केल्या आणि म्हणाले, ठीक आहे, चुना आणि मजुरी किती होईल ते सांगा.

आता इथे कोणी म्हणेल की बाबा रे, तू इंजिनिअर, तुला हे जमतं, बाकीच्यांनी काय हेक्साडेसिमल शिकायचं? आणि ब्लूटूथवाले चांगले सेन्सर काडीपेक्षा अचूक असतात त्याचं काय? दुसरं आधी. असतात, मान्य. त्यातल्या ज्यांचे आकडे खात्याशिवाय, सर्व्हरशिवाय वाचता येतात ते खुशाल घ्या, माझं भांडण अचूकपणाशी नाही. आणि हेक्साडेसिमल सगळ्यांनी शिकायची गरजही नाही. घड्याळ सगळ्यांना दुरुस्त करता येत नाही, पण मागचं झाकण उघडतं म्हणून कोपऱ्यावरचा घड्याळवाला ते करू शकतो. काडीचं झाकण उघडतं. मला ते बाइट्स कोणा भल्या माणसांनी आधी उलगडून गिटहबवर ठेवले होते म्हणून जमलं, आणि माझ्या मजल्यावरच्या तिघांसाठी आता मी घड्याळवाला आहे. डबीला झाकणच नव्हतं.

चुना मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लागला. दोन हात. मी लगेच आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा असे दोन आलेख एकमेकांवर ठेवले आणि जाहीर केलं की तीन अंश उतरले. बाबा म्हणाले, "दिवस वेगळे आहेत. परवा ढग होते. बाहेरच्याशी फरक काढ आणि मग फरकांची तुलना कर." काढला. तीन नाही, सव्वादोन उतरले. छताचा आकडा मात्र रात्री नऊला पस्तिसाच्या आत आला. बाबांची गोळी डॉक्टरांना विचारून बंद केली. ते झोपतात का नीट? आई म्हणते, घोरतात.

काडी अजून तिथेच आहे. छतावरून उतरवून कपाटाच्या बाजूला टांगली आहे. पायला स्वतःचं बॅटरीवालं घड्याळ नाही, त्यामुळे लाइट गेली आणि आली की इंटरनेट मिळेपर्यंत तो मागच्याच वेळेत असतो आणि नोंदींमध्ये गोंधळ होतो. याचा बंदोबस्त करायचा राहून गेलाय. गेल्या मंगळवारी हापिसात मीटिंगमध्ये असताना बाबांचा फोन आला. मी बाहेर जाऊन घाबरत उचलला.

"अरे, तुझी काडी रात्री अडीचला थांबली होती. लाइट गेलेली. तीन-दहाला आली. मधले आकडे मी पाऱ्यावरून घेतलेत, वहीत आहेत. आलास की भरून टाक."